फोटो कुणाचा हे शोधता शोधता : नववीच्या मुलांची प्रेझेंटेशन्स

यंदा नववीला विज्ञान आणि इतिहास मिळून एक प्रेझेंटेशन करायला द्यायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली. प्रत्येक फोटो, नकाशा, आवाज कुणाचा आहे आणि तो आपल्याला कोणत्या परवान्याने वापरता येतो हे त्याच स्लाइडवर खाली लिहायचं. सांगता आलं नाही तर तो फोटो काढून टाकायचा, कितीही भारी असला तरी. बाकी रंग कुठला, अक्षरं उडत येणार की सरकत येणार, यात मी पडणार नव्हते. आमची शाळा देवगड तालुक्यातली, त्यामुळे विषय आसपासचेच घेतले : विजयदुर्ग, कोकणातली कातळशिल्पं, आणि आपल्या किनाऱ्यावरचे पक्षी. वाटलं होतं की ही अट म्हणजे मुलांना थोडी शिस्त लागेल एवढंच, पण त्या एका अटीने प्रेझेंटेशनमधली माहितीच बदलली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

सुरुवातीला मुलांना हे सगळं उगाचच वाटत होतं. गूगलवर "विजयदुर्ग फोटो" टाकला की शेकडो फोटो येतात, पहिला चांगला दिसला तो सेव्ह करायचा आणि चिकटवायचा, हीच सगळ्यांची पद्धत. कोपऱ्यात कुणाच्या तरी स्टुडिओचं नाव पुसट दिसत असतं तरी कुणाला काही वाटत नाही. मी सांगितलं की आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात वर्गात शिकवण्या-शिकण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखादी गोष्ट वापरली तर त्याला मुभा आहे, त्यामुळे वर्गात दाखवलंत म्हणून कुणी पकडायला येणार नाहीये. पण आपण तेच प्रेझेंटेशन यूट्यूबवर टाकलं, गावाच्या ग्रुपवर पाठवलं, की ते वर्गाबाहेर गेलं, तिथे ही मुभा चालेलच असं नाही. आणि आम्हाला तर ते बाहेर पाठवायचंच होतं, कारण विजयदुर्गावरचं प्रेझेंटेशन विजयदुर्गातल्या लोकांनी बघितलं नाही तर उपयोग काय.

मग फळ्यावर परवाने शिकवले. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ साली सुरू झाली आणि २००२च्या शेवटी त्यांचे पहिले परवाने आले, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांच्या जन्माच्या आधीपासून ही सोय आहे आणि आपल्याकडे शाळांमध्ये अजून कुणी सांगत नाही. सीसी बाय म्हणजे नाव द्या आणि वापरा. सीसी बाय एसए म्हणजे नाव द्या, आणि त्यात बदल करून नवीन काही केलंत तर तेही याच परवान्याखाली द्या. एनसी असेल तर पैसे कमावण्यासाठी वापरायचं नाही. एनडी असेल तर बदललेलं पुढे वाटायचं नाही. सीसी झीरो म्हणजे मालकाने सगळे हक्क सोडून दिलेत. आणि पब्लिक डोमेन म्हणजे मुदत संपलेलं, आपल्याकडे साधारणपणे लेखक किंवा चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षांनी. एवढं एका तासात होतं, मुलांना कळायला काही अवघड गेलं नाही, एकाने तर लगेच विचारलं की माझ्या आज्याने काढलेलो फोटो कोणाचो, आज्याचो की माझो? यावर बराच वेळ चर्चा झाली आणि ती चांगली झाली.

शोधायला आम्ही मुख्य वापरलं विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियावाल्यांचा चित्रांचा साठा. २००४ पासून आहे, तिथे फक्त मुक्त परवान्याचीच चित्रं ठेवता येतात, एनसी किंवा एनडीवाली तिथे चालत नाहीत, त्यामुळे मुलांना तिथे सोडलं की अर्धी काळजी मिटते. गूगलच्या चित्रांमध्येही टूल्समध्ये जाऊन वापराचे हक्क निवडता येतात, तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा पर्याय असतो, पण ती फक्त चाळणी आहे, मूळ पानावर जाऊन परवाना डोळ्याने बघावाच लागतो. पिक्साबे आणि अनस्प्लॅश या फुकट फोटोंच्या साइट्सबद्दल बऱ्याच शिक्षकांच्या डोक्यात अजून "सीसी झीरो" असं बसलंय. ते पूर्वी होतं, अनस्प्लॅशने २०१७ला आणि पिक्साबेने २०१९ला स्वतःचे वेगळे परवाने आणले. फुकट अजूनही आहेत, शाळेच्या कामाला चालतात, पण खाली सीसी झीरो लिहू नका. कॅनव्हाचंही तसंच, तिथे मुकुटाची खूण असलेली चित्रं पैशांची असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण खूण नसलेलं फुकटचं चित्रसुद्धा मुक्त परवान्याचं असेलच असं नाही, ते त्यांच्या अटींवर वापरायला दिलेलं असतं. म्हणून टेम्प्लेट कॅनव्हाचं आवडलं तर घ्या, चित्र मात्र बाहेरून शोधून आणा असं मी मुलांना सांगितलं.

आमच्याकडे नेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट, त्यामुळे एक गोष्ट फार उपयोगी पडली. कॉमन्सवर मोठ्या फोटोच्या खाली वेगवेगळे आकार दिलेले असतात, प्रोजेक्टरवर दाखवायला १२८० पिक्सेलचा भरपूर होतो, मूळ पंधरा-वीस एमबीची फाइल उतरवत बसायची काही गरज नाही. आकृत्या आणि नकाशे तिथे बरेचदा एसव्हीजी नावाच्या प्रकारच्या फाइलमध्ये असतात, त्या गूगल स्लाइड्समध्ये थेट जात नाहीत, पण त्याच पानावर पीएनजी, म्हणजे साध्या चित्राच्या फाइलचे आकार दिलेले असतात ते घ्यायचे. आणि फाइल उतरवली की त्याच क्षणी नाव, कर्ता, लिंक, परवाना हे चारही वहीत किंवा स्लाइडच्या खाली नोट्समध्ये टाकायचं. नंतर टाकू म्हटलं की संपलं, नंतर तो फोटो परत सापडत नाही.

आता विजयदुर्गाचं सांगते, कारण खरी गंमत तिथे झाली.

आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला. १८ ऑगस्ट १८६८ला खग्रास सूर्यग्रहण होतं, लॉकयर नावाचा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेब किल्ल्यावर आला, त्याने ओटे बांधून दुर्बीण लावली आणि त्याला सूर्याच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली, तेच हेलियम. किल्ल्यात "साहेबाचे ओटे" दाखवतात, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. मुलांनी पहिली स्लाइड हीच केली, आणि मग माझी अट आली : १८६८ साली लॉकयर विजयदुर्गावर, याचं एखादं चित्र किंवा त्या काळचं कागदपत्र शोधा, त्याचा मालक कोण ते लिहा. शोधलं तर काहीच मिळेना. सगळीकडे तीच गोष्ट, तीच वाक्यं, एकमेकांवरून घेतलेली, आणि कुठेही मूळ आधार नाही.

मी म्हटलं जुन्या पुस्तकांत बघूया. इंटरनेट आर्काइव्हवर एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत, लॉकयर १९२० साली वारले म्हणजे त्यांचं लिखाण आपल्याकडे केव्हाच पब्लिक डोमेनमध्ये आलंय, पान न् पान उतरवून स्लाइडमध्ये लावता येतं. पण आजच्या स्पेलिंगने विजयदुर्ग शोधलं की हाती काही लागत नाही, कारण तेव्हाचे इंग्रज झेड घालून व्हिझियाड्रूग लिहायचे, आणि त्याच्याही आधीच्या कागदांत किल्ल्याचं नाव घेरिया. हे स्पेलिंग एका मुलीला एका जुन्या नकाशात दिसलं, तिने ते टाकून बघितलं आणि लॉकयर सापडले, विजयदुर्गावरच सापडले, पण वर्ष होतं १८९८!

झालं असं होतं की २२ जानेवारी १८९८ला भारतावरून दुसरं एक खग्रास ग्रहण गेलं. त्या वेळी लॉकयर स्वतः मोहीम घेऊन विजयदुर्गाला आले होते, मेलपॉमिनी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते, प्रिझम लावलेले कॅमेरे घेऊन त्यांनी वर्णपटाचे फोटो काढले. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान कॉलेजातले कावसजी नेगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळीही जेऊरलाच होती. आणि १८६८ला? तेव्हा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकयर भारतात नव्हतेच, त्यांनी ती पिवळी रेषा ऑक्टोबर १८६८मध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना बघितली. पृथ्वीवर हेलियम सापडलं ते १८९५ला, रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञांना.

मुलांचं तोंड उतरलं होतं खरं, कारण आपल्या गावाचा मान गेला असं त्यांना वाटलं. मी त्यांना सांगितलं आणि मनापासून सांगितलं, की मान कुठे गेला? हेलियमला नाव देणारा माणूस तीस वर्षांनी, तो वायू पृथ्वीवर सापडल्यानंतर, जगातल्या सगळ्या जागांमधून आपला किल्ला निवडून इथे आला, हे काय कमी आहे? उलट ही गोष्ट जास्त चांगली आहे आणि खरी आहे, आणि तिचे कागद आपल्याकडे आहेत. मग त्यांनी दोन स्लाइड शेजारी शेजारी केल्या, एकीकडे "गावात सांगतात ते" आणि दुसरीकडे "१८९८च्या सुमाराचे कागद सांगतात ते". ओट्यांबद्दल त्यांनी फार जपून लिहिलं, की ते १८९८च्या मोहिमेशी जोडलेले असण्याची शक्यता जास्त वाटते. एवढा जपून शब्द वापरणं मी त्यांना शिकवलं नव्हतं, ते कागद वाचून आपोआप आलं.

याच गटाला कॉमन्सवर एक तैलचित्र मिळालं, डॉमिनिक सेरेस या चित्रकाराचं, १७५६ साली इंग्रजांनी घेरिया घेतलं त्या लढाईचं. जहाजं, धूर, मागे किल्ला, प्रोजेक्टरवर एकदम छान दिसतं. चित्रकार १७९३ला गेला म्हणजे हक्कांचा प्रश्नच नाही. पण नाव-साल लिहिताना लक्षात आलं की चित्र १७७१चं आहे, म्हणजे लढाईनंतर पंधरा वर्षांनी काढलेलं. मुलांनी खाली तसं लिहिलं, आणि "हा लढाईचा फोटोच समजा" असं जे बोलणार होते ते वाक्य काढून टाकलं.

त्याच सुमारास एकीने एआयकडून १८९८च्या ग्रहणाच्या दिवसाचं चित्र करून आणलं. किल्ला, दुर्बिणी, साहेब, सगळं होतं, दिसायला सुंदर होतं आणि किल्ला विजयदुर्गासारखा अजिबात नव्हता. गटात वाद झाला. खाली काय लिहिणार, कुणी बघितलं हे, असा प्रश्न त्यांच्यातल्याच एकाने काढला. शेवटी तिने स्वतः पेन्सिलीने साहेबाच्या ओट्यांचं चित्र काढलं, किल्ल्यात बसून, आणि खाली स्वतःचं नाव आणि "सीसी बाय ४.०" असं लिहिलं. माझ्या मते सगळ्या प्रेझेंटेशनमधली ती सगळ्यात चांगली स्लाइड.

पक्ष्यांच्या गटाचं काम लवकर झालं. झेनो-कँटो म्हणून पक्ष्यांच्या आवाजांची साइट आहे, २००५ पासूनची, तिथे प्रत्येक आवाजाला नंबर असतो, कुणी कुठे केव्हा रेकॉर्ड केला ते असतं, परवाना बहुतेक एनसीवाला, शाळेला चालतो. समुद्रगरुडाचा आणि धनेशाचा आवाज घेतला. एक अडचण येते ती सांगून ठेवते, गूगल स्लाइड्समध्ये आवाज घालायचा तर तो आधी ड्राइव्हमध्ये ठेवावा लागतो, आणि त्या फाइलची परवानगी वेगळी द्यावी लागते, नाहीतर ज्याने घातला त्याच्याकडे वाजतो आणि बाकीच्यांकडे गप्प. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घेतला, कोपऱ्यात "© ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते" लिहिलं आणि त्यांच्या परवान्याच्या पानाची लिंक (openstreetmap.org/copyright) दिली की झालं.

फाँटबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण मराठी प्रेझेंटेशन तिथेच बिघडतं. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या कंप्युटरवर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, म्हणून सगळं युनिकोडमध्येच. मुलांनी बरंचसं फोनवर बोलूनच टाइप केलं, मग बसून ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. गूगल स्लाइड्समध्ये फाँटच्या यादीत "आणखी फाँट" मध्ये जाऊन देवनागरी लिपी निवडली की मुक्ता, बलू असे फाँट येतात, हे दोन्ही मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले, मुक्त परवान्याचे, उतरवून कुठल्याही कंप्युटरवर टाकता येतात. मजकुराला आम्ही मुक्ता घेतला. शीर्षकांना टिरो देवनागरी मराठी, कारण त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, पाकळीचा ल आणि देठाचा श. शासनाने २००९ला आणि पुन्हा २०२२ला वर्णमालेच्या निर्णयात हेच वळण सांगितलंय आणि पाठ्यपुस्तकातही मुलं तेच वाचतात, मग स्लाइडवर वेगळं कशाला. आणि फाँटच्या कर्त्यांची नावंही शेवटच्या स्लाइडवर घातली.

सगळ्यात कठीण गेलं कातळशिल्पांचं. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळाच्या माळावर कोरलेली ही चित्रं, २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, नऊ ठिकाणं, त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक गोव्यात फणसमाळला आणि एक आमच्या सिंधुदुर्गात कुडोपीला. चित्रं हजारो वर्षांपूर्वीची, त्यांच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही, पण त्यांच्या फोटोंवर आहे, आणि बातम्यांमधले देखणे ड्रोनचे फोटो आपले नाहीत. मुक्त परवान्याचे हवे तसे फोटो मिळेनात. मग मुलांनीच ठरवलं की आपणच जाऊया कुडोपीला.

जायच्या आधी वाचून घेतलं की फोटो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काढायचे, ऊन तिरकं असलं की खोबणीत सावली पडते आणि आकृती उठून दिसते, दुपारी काढलं तर नुसता सपाट कातळ दिसतो. खडूने रेघा गिरवायच्या नाहीत, पाणी ओतायचं नाही, वरून चालायचं नाही. मोजमाप कळावं म्हणून शेजारी पट्टी ठेवायची. साध्या फोनवर काढलेले फोटो, पण सावली बरोबर पडली की काय दिसतं ते! प्रत्येक आकृतीचे अनेक फोटो काढले, त्यातले चांगले निवडायला मात्र खूप भांडणं झाली.

परत आल्यावर ते कॉमन्सवर चढवायचं ठरलं. इथे मी घाई केली नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, हे पालकांना समजावून सांगितलं, त्यांचं लेखी घेतलं. मुलांची खरी नावं टाकली नाहीत, त्यांनी ठरवलेली टोपणनावं टाकली. कुणाचा चेहरा दिसेल असा एकही फोटो घेतला नाही. फोनने फोटोत जी जागा नोंदवलेली असते ती कुडोपीच्या फोटोंना राहू दिली, कारण ते ठिकाण सगळ्यांना माहीत आहे, पण घरी काढलेल्या चित्रांच्या फोटोंतून ती आधी काढली. वर्णन मराठीत सविस्तर लिहिलं आणि खाली इंग्रजीत थोडक्यात. परवाना सीसी बाय एसए, हे मुलांनी मत घेऊन ठरवलं, कारण आपण दिलेल्यातून कुणी नवीन केलं तर तेही सगळ्यांना मिळावं असं बहुतेकांचं म्हणणं पडलं.

सादरीकरणाच्या दिवशी लाइट जाणार हे गृहीतच होतं, म्हणून पीडीएफ पेनड्राइव्हमध्ये आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला. पालक, गावातली मंडळी बसली होती. विजयदुर्गाच्या गटाने ती दोन बाजूंची स्लाइड लावली तेव्हा थोडी कुजबुज झाली, आणि एक आजोबा, जे कित्येक वर्षं पाहुण्यांना किल्ला दाखवतात, त्यांनी उठून विचारलं, "मगे अठराशे अडुसष्टात ह्या ओट्यांवर कोण व्हतो?" मुलीने सांगितलं की कोणी होतं असं दाखवणारा कागद आम्हाला मिळाला नाही, अठ्ठ्याण्णवचा मिळालाय, आणि तिने पुस्तकाचं पान मोठं करून दाखवलं, व्हिझियाड्रूग या शब्दावर बोट ठेवून. आजोबांनी पुढे येऊन ते पान बघितलं, कुणाकडून इंग्रजी वाचून घेतलं, आणि म्हणाले हे मला कागदावर काढून द्या, मी लोकांना दाखवीन. प्रिंट काढून दिली, खाली लेखकाचं नाव आणि "पब्लिक डोमेन" लिहून, म्हणजे त्यांना हव्या तेवढ्या झेरॉक्स काढता येतील.

आता त्या गटाला ओट्यांचे स्वतःचे फोटो काढून चढवायचेत, चारही बाजूंनी, मापं घेऊन. पावसाळ्यात ओट्यांवर गवत वाढतं आणि काही दिसत नाही, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलंय. मापाची टेप शाळेची आहे, मोठी लागली तर आजोबा आणून देणार आहेत.